दातवाल्या मामाचा यमन

माझा मामा दातांचा डॉक्टर आहे आणि बोलका आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, ते आमच्या भागातल्या जवळजवळ प्रत्येकाने तोंड उघडं ठेवून अनुभवलं आहे.

चपलांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्याचा दवाखाना. जिना अरुंद. खालून नव्या चामड्याचा वास आपल्याबरोबर वर चढतो आणि अर्ध्या जिन्यात लवंगेच्या तेलाचा वास त्याला आडवा येतो. बाहेरच्या खोलीत दोन बाकं, आतल्या खोलीत ती खुर्ची. मामा पेशंटच्या तोंडात कापूस कोंबतो, दिवा खाली ओढतो आणि विचारतो, "परवाची बासरी कशी वाटली?" पेशंटच्या घशातून काहीतरी आवाज येतो. "अगदी बरोबर!" मामा म्हणतो. "मलाही आलाप जरा लांबल्यासारखा वाटला."

"घरी यांना मध्ये न बोलता कुणी ऐकून घेत नाही, म्हणून हे दवाखाना चालवतात," असं मामीचं म्हणणं आहे. मामी लोकांना मोटार चालवायला शिकवते. शेजारी बसून, न किंचाळता, पण बंद काचेतून रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात "ब्रेक" म्हणणं हा तिचा व्यवसाय. त्या आवाजापुढे मामाचं काय चालणार! मोजे कोणते घालायचे, पाहुण्यांना किती थांबवायचं, विनोद कुठे संपवायचा, सगळं मामी सांगते आणि मामा ऐकतो.

तर अशा त्या खुर्चीत आमच्या संगीत मंडळाचे निम्मे सभासद झालेले आहेत. दाढ ठणकत असताना शास्त्रीय संगीताविषयी आपलं खरं मत काय, हे सांगायच्या परिस्थितीत माणूस नसतो. मामा विचारतो, "करू ना मग तुम्हाला सभासद?" आणि ड्रिल सुरू करतो. नंतर गालाला रुमाल लावून तो माणूस जिना उतरतो तेव्हा त्याच्या खिशात वेदनेवरच्या गोळ्या असतात आणि पुढच्या पाच मैफलींचं निमंत्रण असतं. गंमत म्हणजे यातले बरेचसे लोक खरोखर यायला लागले, आणि काही तर माना डोलवायलाही शिकले.

मंडळाचा मोसम थंडीत सुरू होतो. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पाच मैफली. कार्यकारिणी तिघांची. अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं की माणूस आपोआप ताठ बसतो. चिटणीस म्हणजे छापखानेवाले काका. दिवसभर छापखान्यात शाईने काळे झालेले हात संध्याकाळी धुऊन ते तबल्यावर ठेवतात, आणि कलाकाराचा स्वतःचा तबलजी नसेल तेव्हा आणि फक्त तेव्हाच मंडळात वाजवतात. तिसरा मामा. मी कार्यकारिणीत नाही. मी बैठकीत चहा करते आणि निवेदन लिहून देते.

बैठका दवाखान्यातच होतात. बाहेरची बाकं पाठीला रुततात म्हणून अध्यक्षबाई आतल्या खुर्चीत बसतात आणि बाकीचे भोवतीने स्टुलांवर. चर्चा तापली की मामा खुर्चीच्या पायाशी असलेलं बटण हळूच दाबतो. अध्यक्षबाई बोलता बोलता मागे मागे जात आडव्या होतात. आडवं पडून कडक बोलणं अवघड असतं. मंडळातली बरीच भांडणं अशी मिटली आहेत.

खरं म्हणजे भांडणं फारशी होतच नाहीत, कारण आमच्या मंडळात कुणी कुणाला 'नाही' म्हणत नाही. कुणीतरी काहीतरी सुचवतं, अध्यक्षबाई विचारतात, "कुणाची हरकत?" सगळे वर पंख्याकडे पाहतात, आणि सूचना मंजूर होते. अगदीच नको असेल तर म्हणायचं, "पुढच्या मोसमात बघू या." मंडळाच्या सभ्यतेची हीच कमाल मर्यादा.

गेली कित्येक वर्षं 'पुढच्या मोसमात बघू या' हे उत्तर सगळ्यांत जास्त वेळा मिळालं होतं ते मामाला. त्याला पहिल्या मैफलीत, मुख्य कलाकाराच्या आधी, अर्धा तास व्हायोलिन वाजवायचं होतं.

चाळिशी उलटल्यावर मामाने व्हायोलिन हातात घेतलं. शिकवायला एक गुरुजी यायचे, ते दुसऱ्या गावी गेल्यावर याने एकट्यानेच चालू ठेवलं. शेवटचा पेशंट गेला की दवाखान्याचं दार लोटून, हात कोपरापर्यंत धुऊन, तो उभ्याने वाजवतो. मामाचा सूर वाईट नाही. हिवाळ्यात संध्याकाळी त्या जिन्याखालून जाताना वरून यमन ऐकू आला की पाय थोडे हळू पडतात. रस्त्यावरचे दिवे लागत असतात, दुकानदार खोकी आत नेत असतो, आणि वर एक स्वर कुणाचीतरी वाट पाहत उभा असल्यासारखा लांब राहतो. मग एकदम थांबतो.

मामाची खोड तीच आहे. चूक झाली की तो थांबतो. गज उचलतो, "माफ करा" म्हणतो, खोलीत कुणी नसलं तरी म्हणतो, आणि अगदी पहिल्या स्वरापासून सुरू करतो. त्याचं म्हणणं असं की आत जराशी जरी कीड राहिली तरी वरून दात भरून उपयोग नसतो. दातांच्या बाबतीत हे बरोबरच आहे. पण यमनला या तत्त्वाने हात घातला की दाढेचं काम कधी संपत नाही. खालच्या चपलांच्या दुकानदाराने एकदा मला अडवून विचारलं, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारतो. हा राग एवढाच असतो का?"

या वर्षी पहिल्या मैफलीला एक नावाजलेल्या गायिका यायच्या होत्या. अध्यक्षबाईंनी दोन वर्षं पाठपुरावा करून त्यांची तारीख मिळवलेली. हॉल नवाला बंद होतो. खालचा रखवालदार त्या बाबतीत कुणाचंही ऐकत नाही. म्हणजे आधी अर्ध्या तासाचं वादन ठेवायचं तर ते अर्ध्या तासातच संपायला हवं.

बैठक भरली. मामाने घसा साफ केला. "पहिल्या मैफलीच्या सुरुवातीला माझं वादन. मी दोघांशीही स्वतंत्रपणे बोललोय. कुणाचीच हरकत नव्हती."

अध्यक्षबाईंनी छापखानेवाल्या काकांकडे पाहिलं. काकांनी अध्यक्षबाईंकडे पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता: अरे, म्हणजे यांनी होकार दिला! आता आपण एकट्याने कसं अडवायचं? दोघांनी पंख्याकडे पाहिलं. मंजूर.

मामा आनंदाने कप विसळायला गेल्याबरोबर दोघंही जिन्यात भेटले. चहाच्या किटलीसकट मी त्यांच्या मागे होते.

"तुम्ही हो म्हणालात?" अध्यक्षबाई कुजबुजल्या.

"मी कुठे म्हणालो? माझी दाढ काढत होते ते! त्या वेळी मी कशालाच काही म्हणालो नाही. तुम्ही?"

"माझ्या तोंडात मापाचा साचा होता. पांढरा लगदा, घट्ट होईपर्यंत हलायचं नाही असं सांगितलं होतं. मग विचारलं, हरकत नाही ना?"

"मग तुम्ही हलायचं होतंत!"

"आणि साचा बिघडला असता म्हणजे?"

अन्याय झाला होता, पण काम उत्तम झालं होतं. काकांना दाढ आता आठवतही नव्हती आणि अध्यक्षबाईंचे नवे दात सगळ्यांना आवडले होते. अशा माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं?

"तुम्ही अध्यक्ष आहात, तुम्हीच बोला," काका म्हणाले.

चार दिवसांनी अध्यक्षबाई खरोखरच निर्धाराने दवाखान्यात गेल्या. बसायला सांगितलं तरी बसल्या नाहीत. "उभ्यानेच बोलते," म्हणाल्या. "तुमच्या वादनाविषयी जरा स्पष्टच—"

"डावीकडून चावायचं टाळताय का हल्ली?" मामाने विचारलं.

"तसं कधीतरी गार पाणी लागतं, पण ते महत्त्वाचं नाही, मी काय म्हणत होते—"

"बघू."

मी बाहेरच्या बाकावर होते. थोड्या वेळाने आतून ड्रिलचा आवाज आला आणि त्यावर मामाचा: "आलाप मी संथच ठेवणार आहे, बरं का. घाई करायची नाही." अध्यक्षबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा अर्धा गाल बधिर होता. माझ्याकडे पाहून त्यांनी नुसती मान हलवली.

मग काकांनी पत्रिका छापून टाकली. छापताना त्यांचा हात थबकला होता म्हणे, पण मंजूर झालेल्या मजकुरातलं नाव गाळणं त्यांच्या धंद्याला धरून नव्हतं. जाड अक्षरात गायिकेचं नाव आणि त्याच्या वर, थोड्या बारीक टाइपात, 'व्हायोलिनवादन' म्हणून मामाचं. मामाने एक पत्रिका दवाखान्यातल्या दिव्याला अशी चिकटवली की खुर्चीत आडव्या पडलेल्या प्रत्येक माणसाला ती वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

शेवटचा उपाय म्हणून दोघांनी मला मामीकडे पिटाळलं. तुझं ऐकेल ती, म्हणाले.

मामी अंगणात मोटारीच्या काचा पुसत होती. नव्या शिकाऊ बाईंनी त्या दिवशी कुंपणाला सलामी दिलेली, त्यामुळे पुढचा दिवा तिरका झाला होता.

"मामी, तू मामाला सांग ना. निदान मध्ये थांबू नकोस एवढं तरी. हॉलभर लोकांसमोर त्याचं हसं झालं तर..."

"मी नाही सांगणार."

"तू तर सगळंच सांगतेस त्याला."

"म्हणूनच." तिने फडकं पिळलं. "सकाळी उठल्यापासून मी त्यांना सांगतच असते. ते मुकाट ऐकतात, मला कळत नाही का? पण त्या व्हायोलिनबद्दल मी आजवर चांगलं नाही की वाईट नाही, एक अक्षर बोललेली नाही. एवढी एक खोली त्यांची आहे. तिथे मी दारही वाजवत नाही."

"आणि फजिती झाली तर?"

"झाली तर ते रात्री घरीच येतील ना?" मामी म्हणाली. पण काचेवरचा तोच स्वच्छ भाग ती बराच वेळ पुसत राहिली.

मैफलीच्या दिवशी हॉल भरला. निम्मे श्रोते गायिकेसाठी आलेले, निम्मे मामाचे पेशंट. मामा दोनदा इस्त्री केलेला सदरा घालून मंचावर बसला आणि त्याने श्रोत्यांकडे पाहून नमस्कार केला. पेशंट मंडळींची तोंडं सवयीने किंचित उघडी होती. मामी तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. बाजूच्या खोलीत गायिका गरम पाणी पीत होत्या आणि अध्यक्षबाई त्यांना सांगत होत्या, "अगदी थोडं आहे हो. अगदी थोडं."

आलाप छान झाला. आलापात चुकलं तर ते मुद्दाम केलं होतं असं म्हणता येतं. मामा डोळे मिटून वाजवत होता, आणि खालच्या सुरावरून वर जाताना त्याने एक जागा अशी घेतली की मागच्या रांगेतून कुणीतरी "वा" म्हणालं. माझा जीव थोडा भांड्यात पडला. मग तबला सुरू झाला, गत सुरू झाली, आणि चौथ्या आवर्तनात, समेवर यायच्या जरा आधी, मामाचं बोट घसरलं.

तो थांबला. काकांचा हात तबल्यावर पडायचा तो हवेतच राहिला.

"माफ करा," मामा म्हणाला, आणि पहिल्यापासून सुरू केलं. गतीपासून नव्हे. आलापापासून.

लोक सभ्य होते. दुसऱ्यांदा आलाप ऐकला. दुसऱ्यांदा तबला सुरू झाला. आठव्या आवर्तनात एक तान तुटली. "माफ करा." तिसऱ्या आलापाला मागच्या रांगेतलं कुणी "वा" म्हणालं नाही. काकांच्या कपाळावर घाम आला होता आणि तो पुसायला त्यांना भरपूर वेळ मिळत होता. बाजूच्या खोलीचं दार किलकिलं झालं. आतून गायिका घड्याळाकडे आणि मग अध्यक्षबाईंकडे पाहत होत्या. अध्यक्षबाई दारातून निसटून पहिल्या रांगेत येऊन बसल्या.

तिसऱ्यांदाही घसरलं, आणि या वेळी फार लवकर. मामाच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला पाचव्या रांगेतून दिसत होत्या. त्याने व्हायोलिन खाली घेतलं. वेळ झाली होती, त्यालाही ते कळत होतं. पण अर्धवट काम सोडून उठणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. तो हॉलकडे पाहून कसनुसं हसला.

"एकदाच पुन्हा घेतो," म्हणाला. "कुणाची हरकत?"

अध्यक्षबाईंनी पंख्याकडे पाहिलं. काकांनी पंख्याकडे पाहिलं. आणि एवढी वर्षं मंडळात येऊन मंडळाच्या रीती शिकलेल्या सगळ्या हॉलने मान वर करून पंख्याकडे पाहिलं.

"माझी आहे!"

आवाज तिसऱ्या रांगेतून आला होता. मामी उभी राहिली होती. पर्स खाली पडली होती.

मंडळाच्या इतिहासातली ती पहिली हरकत. एका बाईंनी खुर्चीचा हात गच्च पकडला. त्या बहुधा मामीकडे गाडी शिकत असाव्यात.

"अहो, किती वेळा तोच दात कोराल?" मामी म्हणाली. "झाला तो साफ. पुढचा घ्या!"

मग कुठेतरी एक पेशंट फिसकन हसला, मग दुसरा, आणि हसू रांगारांगांतून सरकत मंचापर्यंत गेलं. मामा हसत नव्हता. तो मामीकडे पाहत होता. तिच्याही चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. आपण काय केलं ते तिला आता कळलं होतं; ज्या खोलीचं दार तिने कधी वाजवलं नव्हतं, ते तिने दोनशे माणसांसमोर ढकललं होतं. ती बसलीही नाही. तशीच उभी राहिली.

मला वाटलं, आता हा व्हायोलिन पेटीत ठेवणार.

मामाने व्हायोलिन हनुवटीखाली नेलं. काकांकडे वाकून विचारलं, "कुठे होतो आपण?"

"आठव्या आवर्तनात, तान तुटली तिथे," काका म्हणाले. समोरच्या मायक्रोफोनमुळे ते सगळ्यांनाच ऐकू गेलं. "इथून पुढचं मीही तुमच्याकडून ऐकलेलं नाही. चला."

आणि मामा पुढे गेला. रहदारीचा रस्ता माणूस एकदाचा ओलांडायला घेतो तसा, आजूबाजूला न पाहता. लगेचच चुकला. गज उचलला गेला. हॉलने श्वास रोखला. गज परत तारेवर आला. पुन्हा चुकला, आणि या वेळी गज उचललाच नाही. चुका मागे पडत गेल्या. त्या चुका आहेत हे ऐकू येत होतं, पण त्यांच्यामधून काहीतरी वाहत होतं, जे दवाखान्याच्या जिन्याखाली मी कधी ऐकलं नव्हतं, कारण तिथे ते एवढं लांब कधी आलंच नव्हतं. लय वाढली. मामाचा सदरा पाठीला चिकटला. शेवटच्या तिहाईला तो आणि काका एकत्र निघाले आणि वेगवेगळे पोहोचले. आधी काका संपले, मग थोड्या वेळाने मामा.

टाळ्या झाल्या. खऱ्या झाल्या. त्यात सुटकेच्या किती आणि कौतुकाच्या किती, हे वेगळं काढता येणार नाही. मामी खाली बसली आणि पर्स शोधू लागली.

गायिका मंचावर आल्या, बैठक जमवली, आणि श्रोत्यांकडे पाहून गंभीरपणे म्हणाल्या, "कुणाची हरकत नसेल तर मी सुरू करते." हॉल हसला. अध्यक्षबाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या. त्यांचे नवे दात शेवटच्या रांगेपर्यंत दिसले.

मी बाजूच्या खोलीत गेले. मामा व्हायोलिनच्या तारा पुसत होता. बाहेर सूर लागायला सुरुवात झाली होती, म्हणून आम्ही हळू बोलत होतो. मामी माझ्या मागोमाग आली आणि दाराशीच थांबली.

मामाने मला विचारलं. "खरं सांग. शेवट कसा झाला?"

'छान' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मंडळात वाढलेली मुलगी आहे मी. पण तो माझ्याकडे असा पाहत होता, जसा एक्स-रे उजेडाला धरून पाहतो.

"वाईट झाला, मामा."

"किती?"

"बराच."

त्याने गज सैल केला, पेटीत ठेवला, मग पुन्हा बाहेर काढून त्याचं टोक पाहिलं.

"अगं," तो मामीला म्हणाला, "तुला काय वाटलं?"

इतक्या वर्षांत त्याने तिला हे कधी विचारलं नव्हतं. मामीने पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला, सोडला.

"मधला भाग आवडला," ती म्हणाली. "ते वर जाऊन थांबता ना, तिथे. पण शेवटी वळणावर वेग कमी करायचा असतो. तुम्ही वाढवलात."

"हं," मामा म्हणाला. त्याचा चेहरा उजळत गेला. "म्हणजे शेवटावर काम करायला हवं. उद्यापासून नुसता शेवटच घेतो. रोज. घरीच घेतो म्हणजे तुला ऐकता येईल."

"घरी?" मामी म्हणाली.

"कुणाची हरकत?"

मामीने वर पाहिलं. त्या खोलीला पंखा नव्हता.